स्पेशल मशीनचं कंट्रोल पॅनल: ड्रॉईंग हातात आल्यापासून मशीन फिरेपर्यंत

भोसरी, चाकण, नाशिकचं अंबड, संभाजीनगरचं वाळूज, कोल्हापूरची शिरोली. या एमआयडीसींमध्ये एसपीएम, म्हणजे स्पेशल पर्पज मशीन बनवणारे कारखाने आहेत. एका गिऱ्हाईकाच्या एकाच पार्टसाठी एकच मशीन बनतं. म्हणून त्याचं पॅनलही, म्हणजे मशीन चालवणाऱ्या स्विचांची आणि वायरींची पेटी, दर वेळी नवं असतं. मिक्सरच्या किंवा गाडीच्या लाईनवर पहिल्या नगात चूक सापडली तर पुढच्या नगात सुधारता येते. इथे पुढचा नगच नसतो.

आयटीआयला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड केलेला मुलगा या कामात पटकन रुळतो, पण घरच्या वायरिंगच्या काही सवयी आधी मोडाव्या लागतात. दाताने किंवा लायटरने इन्सुलेशन काढणं, तारांना पीळ देऊन थेट स्क्रूखाली दाबणं, वायर कमी पडली की मध्ये सांधा मारून टेप गुंडाळणं, हे पॅनलमध्ये चालत नाही. पॅनलमध्ये वायरला सांधा नसतो. लांबी कमी पडली तर ती वायर काढून नवी ओढायची.

सोयीसाठी एक पॅनल समोर धरू. हायड्रॉलिक क्लॅम्पिंग असलेलं ड्रिलिंगचं एसपीएम. पॉवर पॅकची (तेलाला दाब देणाऱ्या पंपाची) मोटर ५ एचपी, स्पिंडल ३ एचपी ड्राईव्हवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या युनिटवर), कूलंट पंप अर्धा एचपी, सहा सोलेनॉईड व्हॉल्व्ह (कॉईलने उघडणारे व्हॉल्व्ह), डझनभर सेन्सर, पीएलसी (मशीनचा प्रोग्रॅम चालवणारा कॉम्प्युटर) आणि २४ व्होल्ट डीसी देणारा एसएमपीएस. ४१५ व्होल्टवर या मोटरी अनुक्रमे साडेसात, पावणेपाच आणि सव्वा अँपिअरच्या आसपास घेतात. आत साधारण दोनशे वायर येतात, म्हणजे चारशे टोकं. वायर मध्येच सहसा बिघडत नाही, बिघडते ती टोकाला. त्यामुळे सगळ्यात जास्त वेळ टोकांवर जायला हवा. घाईच्या दिवशी नेमका तिथलाच वेळ कापला जातो.

ड्रॉईंग आधी, ड्रिल नंतर

ड्रॉईंगच्या संचात लेआऊट, पॉवर सर्किट, कंट्रोल सर्किट, पीएलसीचे इनपुट-आऊटपुट, टर्मिनल प्लॅन आणि मटेरियलची यादी असते. नवखा माणूस लेआऊट उघडून थेट प्लेटकडे वळतो. आधी यादी घेऊन आलेला माल एकेक करून पडताळा. कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉईलने चालणारा मोठा स्विच, आला म्हणून भागत नाही, त्याची कॉईल कोणती ते वाचा. ड्रॉईंगमध्ये २४ व्होल्ट डीसी आणि डब्यावर २३० व्होल्ट एसी, ही गल्लत नेहमीची आहे. उलटं झालं तर, म्हणजे २४ च्या कॉईलला २३० गेले, तर क्षणात धूर निघतो.

मोटर प्रोटेक्शन ब्रेकरची रेंजही इथेच बघायची. साडेसात अँपिअरच्या मोटरला ६ ते १० ची रेंज लागते, सव्वा अँपिअरच्या पंपाला १ ते १.६ ची. चार ते साडेसहाचा एखादा ब्रेकर ‘जवळपास बसतो’ म्हणून लावला तर पॉवर पॅक दर तासाला ट्रिप होतो. मग कोणीतरी साईटवर तो काढून मोठा घालतो आणि मोटर जळते.

चिन्हांची सवय लावून घ्या. क्यू म्हणजे ब्रेकर किंवा आयसोलेटर (मुख्य स्विच), एफ फ्यूज, के कॉन्टॅक्टर आणि रिले (कॉन्टॅक्टरचा लहान भाऊ), टी ट्रान्सफॉर्मर, एक्स टर्मिनल. वायरच्या टोकाशी ‘३.५’ असा संदर्भ दिसला तर तीच वायर तिसऱ्या पानावर पाचव्या रकान्यात पुढे जाते. कॉन्टॅक्टरचे आकडे पाठच हवेत. पॉवर १-३-५ ला येते, २-४-६ ने बाहेर पडते. कॉईल ए१-ए२. कॉईलला पॉवर नसताना १३-१४ हा उघडा कॉन्टॅक्ट, २१-२२ बंद, म्हणजे जोडलेला. ओव्हरलोड रिलेवर ९५-९६ बंद कॉन्टॅक्ट असतो आणि तो कॉईलच्या लाईनमध्ये जातो. ९७-९८ उघडा, तो ट्रिपच्या दिव्याला.

काम करताना पिवळा हायलायटर जवळ ठेवा. ओढलेली प्रत्येक वायर ड्रॉईंगवर रंगवायची. जेवणाच्या सुट्टीनंतर ‘कुठपर्यंत आलो होतो’ हे आठवत बसावं लागत नाही, आणि दुसऱ्या पाळीचा माणूसही तिथून पुढे चालू करतो.

प्लेट

माउंटिंग प्लेट पॅनलमधून बाहेर काढून टेबलावर घ्या. रेल (कम्पोनंट अडकवायची पट्टी) आणि वायर डक्ट (वायरी न्यायचं झाकणाचं पन्हाळं) कापून आधी नुसते मांडून बघा, कम्पोनंट रेलवर बसवून बघा, मग मार्किंग करा. डक्ट आणि कम्पोनंटच्या टर्मिनलमध्ये किमान ३० ते ४० मिमी जागा सोडा. कागदावर २० मिमी पुरेसे वाटतात, पण तेवढ्यात वायरचा नंबर दिसत नाही आणि बोटही जात नाही.

ड्राईव्हच्या वर आणि खाली साधारण १०० मिमी मोकळी जागा लागते. नेमका आकडा त्याच्या मॅन्युअलमध्ये असतो, तोच पाळा. गरम होणाऱ्या वस्तू वरच्या बाजूला ठेवायच्या, म्हणजे त्यांची धग पीएलसीवरून जात नाही. ट्रान्सफॉर्मर मात्र वजनामुळे खाली. बाहेरच्या केबल जोडायच्या टर्मिनलची रांग तळाशी, केबल जिथून आत येतात त्या ग्लँड प्लेटपासून किमान वीतभर वर, नाहीतर बाहेरची केबल वळवायला जागा उरत नाही.

टॅपिंगसाठी एम४ ला ३.३ चं ड्रिल, एम५ ला ४.२ चं, एम६ ला ५ चं. ३५ मिमीची रेल साधारण दर २०० मिमीवर स्क्रूने धरा. सगळी भोकं, दरवाजावरची २२.५ मिमीची पुशबटनांची भोकं आणि एचएमआयचा (ऑपरेटरच्या स्क्रीनचा) कटआऊट धरून, कम्पोनंट बसण्याआधीच पूर्ण व्हायला हवीत. धारा कानसून घ्या आणि प्लेट पुसा. ‘एक भोक राहिलंय’ म्हणून बसवलेल्या पॅनलमध्ये ड्रिल लावलं की लोखंडाचा चुरा ड्राईव्हच्या जाळीतून आत जातो. तो कधी पहिल्या दिवशी शॉर्ट करतो, कधी तीन महिन्यांनी, मशीनच्या कंपनाने सरकत सरकत. भोक पाडावंच लागलं तर आजूबाजूचं सगळं झाका, खाली चिकटपट्टीचा खिसा करा आणि व्हॅक्यूम लावा. फुंकर किंवा कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तिने चुरा आणखी आत ढकलला जातो.

प्लेट पावडर कोटेड असेल तर अर्थच्या बोल्टखालचा रंग खरवडून लखलखीत लोखंड काढा किंवा दातेरी वॉशर वापरा. रंगावर घट्ट बसलेला बोल्ट दिसायला छान दिसतो, पण अर्थिंग शून्य.

कोणती वायर, कोणता रंग

दुकानातल्या भाषेत पाऊणची, एकची, दीडची, अडीचची, म्हणजे तितके चौरस मिलिमीटर. आपल्या पॅनलमध्ये पीएलसीच्या सिग्नलला अर्धी किंवा पाऊणची, सोलेनॉईडला एकची, २३० व्होल्टच्या कंट्रोलला दीडची, मोटरींना अडीचची आणि इनकमरला (मुख्य पॉवर आत येते त्या स्विचला) सहाची पुरते. सगळी मल्टिस्ट्रँड फ्लेक्सिबल. करंट ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याची वायर अडीचची, आणि मीटर काढताना ट्रान्सफॉर्मरचं सेकंडरी आधी शॉर्ट करायचं. चालू लोडवर ते उघडं राहिलं तर तिथे जीवघेणा व्होल्टेज तयार होतो. अर्थची वायर १६ चौ.मिमीपर्यंत फेजइतकीच जाड, फेज १६ ते ३५ असेल तर १६, त्याच्या वर फेजच्या निम्मी.

रंगांचा प्रश्न आपल्याकडे फसवा आहे. लाल-पिवळा-निळा फेज आणि काळा न्यूट्रल ही आपली जुनी पद्धत. यंत्रांच्या आयईसी ६०२०४-१ या मानकात काळी वायर म्हणजे पॉवर, लाल म्हणजे एसी कंट्रोल, निळी म्हणजे डीसी कंट्रोल, फिकट निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. म्हणजे एका पद्धतीत जी न्यूट्रल तीच दुसरीत जिवंत फेज! एकाच कारखान्यात निर्यातीचं पॅनल आणि शेजारी देशी पॅनल चालू असेल तर हे डोक्यात पक्कं ठेवा. कोणती पद्धत वापरायची हे गिऱ्हाईकाचं स्पेसिफिकेशन ठरवतं, शिल्लक राहिलेलं बंडल नव्हे. नारिंगी वायर दिसली तर हात आखडता घ्या. मेन आयसोलेटर बंद केल्यावरही जिच्यात बाहेरून सप्लाय येत राहतो त्या सर्किटचा तो रंग आहे.

चारशे टोकं

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे ‘फेरूल’ म्हणजे वायरवरचा नंबराचा तुकडा. परदेशी कॅटलॉगमध्ये फेरूल म्हणजे तारांवर दाबायची तांब्याची नळी, जिला आपण पिन लग म्हणतो. मागणी लिहिताना ‘नंबर फेरूल’ आणि ‘पिन लग’ असं स्पष्ट लिहा.

एक टोक कसं करायचं ते दीडच्या वायरवर बघू. काळी कॉलर असलेली ८ मिमीची पिन घ्या. जर्मन मानकाच्या रंगांत अर्धीला पांढरी, पाऊणला राखाडी, एकला लाल, दीडला काळी, अडीचला निळी, चारला पुन्हा राखाडी, सहाला पिवळी. पिन ८ मिमी असली तरी इन्सुलेशन १० मिमी सोलायचं, कारण दोनेक मिमी तार कॉलरच्या आत राहते. स्ट्रिपरचा खाचा बरोबर निवडा. आपल्याकडच्या बहुतेक दीडच्या वायरमध्ये ०.३ मिमीच्या २२ तारा असतात. खाचा लहान पडून तीन तारा तुटल्या तर सातवा हिस्सा तांबं गेलं, आणि उरलेल्या तारांवर ओरखडे आले ते वेगळेच. तुटलेल्या तारा दिसल्या की टोक कापून पुन्हा सोला.

आता नंबर फेरूल आधी सरकवा, दोन्ही टोकांना. पहिल्या महिन्यात प्रत्येक जण हे विसरतो, पिन दाबून टाकतो आणि मग फेरूल चढत नाही म्हणून पिन कापतो. आडव्या वायरवर नंबर डावीकडून उजवीकडे वाचता यावा, उभ्या वायरवर खालून वर. सगळ्या पॅनलभर एकच दिशा.

तारांना पीळ न देता, सरळ ठेवून पिनमध्ये घाला. इन्सुलेशन कॉलरच्या तळाला टेकलं पाहिजे आणि पिनच्या तोंडाशी तारा जेमतेम दिसल्या पाहिजेत, फार तर अर्धा मिमी बाहेर. रॅचेटचं क्रिम्पिंग टूल पूर्ण दाबून आपोआप सुटेपर्यंत सोडू नका. पक्कडीने किंवा साध्या प्लायरने चपटी केलेली पिन आज धरते, पण मशीनच्या कंपनाने सहा महिन्यांत ढिली होते. मग हाताने ओढून बघा. दीडच्या वायरच्या जोडाने ४० न्यूटन, म्हणजे साधारण चार किलोची ओढ सोसली पाहिजे. दर नव्या बंडलची, नव्या पिनांच्या पाकिटाची दोन-तीन टोकं स्प्रिंग बॅलन्सला अडकवून बघा, हाताला अंदाज येतो.

टोकाला सोल्डर लावून स्क्रूखाली दाबायची एक जुनी खोड आहे. ती सोडा. शिसं-कथिल मऊ असतं, स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू सरकतं, दाब कमी होतो, जोड तापतो, तापला की आणखी सरकतं. शेवटी टर्मिनलचं प्लास्टिक काळं पडलेलं दिसतं आणि दोष ‘टर्मिनलच्या कंपनीचा’ ठरतो.

एका टर्मिनलमध्ये दोन वायर घालायच्या असतील तर दोघींना मिळून एकच ट्विन पिन लावा. वेगवेगळ्या दोन पिना एका भोकात घातल्या की स्क्रू जाडीवर बसतो आणि बारकी ढिली राहते. तीन वायर कधीच नाहीत, तिथे टर्मिनल वाढवून जंपर (दोन टर्मिनल जोडणारा तुकडा) टाका. बोल्टवर बसणाऱ्या टोकाला रिंग लग. उघड्या तोंडाचा वाय लग फक्त तिथे, जिथे कम्पोनंटचा स्क्रू पूर्ण निघत नाही.

स्क्रू किती कसायचा? ‘हाताला लागेल तेवढा’ हे माप प्रत्येक हाताचं वेगळं. अडीचच्या साध्या टर्मिनलला साधारण ०.५ ते ०.८ न्यूटन-मीटर लागतो, एमसीबीला दोनच्या आसपास. बहुतेक कम्पोनंटच्या अंगावरच आकडा छापलेला असतो, टॉर्क स्क्रूड्रायव्हर त्यावर लावा. एमसीबी आणि कॉन्टॅक्टरच्या स्क्रूवर मोठ्या अधिक चिन्हाच्या फटींत तिरक्या बारीक रेषा दिसल्या तर तो पोझीड्राईव्ह. त्याला साधा फिलिप्स लावला तर बिट उसळतो, डोकं खराब होतं आणि कसल्यासारखं वाटतं तेवढंच. कसून झालं की स्क्रूवर मार्करची रेघ ओढा, ती स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या प्लास्टिकवर उतरली पाहिजे. नंतर कोणी हात लावला किंवा स्क्रू फिरला तर रेघ तुटलेली दिसते. रेघ नसलेला स्क्रू म्हणजे न कसलेला स्क्रू, मग तो कसणारा कितीही शपथ घेवो.

वायर ओढणं

डक्ट साठ-सत्तर टक्क्यांपेक्षा जास्त भरू नका. ठासून भरलेल्या डक्टमध्ये मधल्या वायरींची उष्णता निघत नाही आणि झाकण रबराच्या चेंडूसारखं उडतं. आधी पॉवर ओढा, मग २३० व्होल्ट, शेवटी २४ व्होल्ट आणि सिग्नल. डक्टमधून बाहेर पडल्यावर वायर टर्मिनलपर्यंत सरळ यावी, हलक्या बाकाने, ताणून नव्हे. एक टोक पुन्हा कापून पिन लावता येईल इतकी शिल्लक डक्टच्या आत ठेवा.

४१५ व्होल्टच्या आणि सेन्सरच्या वायरी एका डक्टमध्ये घालू नका. समांतर न्यायच्याच झाल्या तर २०० मिमी अंतर, ओलांडायच्या तर काटकोनात. ड्राईव्हच्या बाहेर पडणाऱ्या वायरी यात सगळ्यात त्रासदायक. त्यात व्होल्टेज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतो आणि शेजारच्या ॲनालॉग सिग्नलवर त्याचा गोंगाट चढतो. लक्षण असं दिसतं: स्पिंडल बंद असताना प्रेशरचा आकडा स्थिर, स्पिंडल सुरू केला की नाचायला लागतो. मग लोक प्रेशर ट्रान्समीटर बदलतात. उपाय म्हणजे मोटरची केबल शिल्डेड घ्या आणि तिचं शिल्ड दोन्ही टोकांना रुंद क्लॅम्पने अर्थ करा. ४-२० मिलिअँपिअरच्या सिग्नल केबलचं शिल्ड मात्र सहसा पॅनलच्याच टोकाला अर्थ करायचं. शिल्डची वेणी करून लांब शेपूट काढलं तर उपयोग बराच कमी होतो.

ड्राईव्हची पॉवर आर-एस-टी ला येते आणि मोटर यू-व्ही-डब्ल्यू ला जाते. येणारी लाईन यू-व्ही-डब्ल्यू ला जोडली तर पॉवर दिल्या दिल्या ड्राईव्ह संपतो आणि वॉरंटीही मिळत नाही. म्हणून ही सहा टोकं दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्यायची, कितीही जुना हात असला तरी.

सोलेनॉईडची एक गोष्ट. हायड्रॉलिकच्या लहान व्हॉल्व्हची २४ व्होल्ट डीसी कॉईल साधारण ३० वॉट घेते, म्हणजे सव्वा अँपिअर. पीएलसीचं ट्रान्झिस्टर आऊटपुट बहुधा अर्ध्या अँपिअरचं. त्यामुळे मध्ये रिले हवा, आणि प्रत्येक डीसी कॉईलवर डायोड, पट्टीची बाजू प्लसला. डायोड नसेल तर कॉईल सुटताना उलटा झटका येतो आणि रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटायला लागतात. डायोड उलटा लागला तर तो थेट शॉर्ट, फ्यूज उडतो. दोन व्हॉल्व्ह एकदम, शिवाय सेन्सर, पीएलसी, एचएमआय आणि दिवे धरले तर या पॅनलला ५ अँपिअरचा एसएमपीएस काठावर येतो, १० चा घ्या.

सेन्सरच्या तीन वायरींत तपकिरी प्लस, निळी शून्य, काळी आऊटपुट. पीएनपी सेन्सर प्लस देतो, एनपीएन शून्य देतो. पीएलसीच्या इनपुटचा कॉमन त्याप्रमाणे जोडावा लागतो, नाहीतर सेन्सरचा दिवा पेटतो आणि इनपुटचा पेटत नाही.

२४ व्होल्टचा शून्य एका ठिकाणी, एकाच जंपरने, अर्थला बांधा. तो तरंगता ठेवला तर वायर कुठे घासून पहिला अर्थ फॉल्ट झाला तरी काहीच कळत नाही. दुसरा झाला की बटन न दाबता व्हॉल्व्ह उचलला जाऊ शकतो, आणि क्लॅम्पमध्ये तेव्हा ऑपरेटरचा हात असू शकतो. इमर्जन्सी स्टॉपचे दोन बंद कॉन्टॅक्ट सेफ्टी रिलेला (इमर्जन्सीत मशीनची पॉवर तोडणाऱ्या रिलेला) दोन वेगळ्या वाटांनी न्यायचे. दोन्ही एकमेकांना जोडून एकच वाट केली तर रिले महाग आणि सुरक्षा स्वस्त, असा प्रकार होतो.

दरवाजा, ग्लँड आणि पाल

दरवाजावर जाणाऱ्या वायरींचा गुंडा बिजागरीच्या बाजूने, स्पायरल स्लीव्हमध्ये. तो दोन्हीकडे, प्लेटवर आणि दरवाजावर, क्लॅम्प करा. दरवाजा पूर्ण उघडून आणि बंद करून बघा, वायर कुठे चिमटत नाही ना. दरवाजाला वेगळी अर्थ वेणी हवीच, बिजागरी म्हणजे अर्थ नव्हे.

ग्लँड, म्हणजे केबल आत घेऊन घट्ट धरणारा नट, केबलच्या जाडीप्रमाणे. एम२० च्या ग्लँडमध्ये साधारण ७ ते १२ मिमी जाडीची केबल धरते. न वापरलेल्या भोकांत बुच घाला. आपल्याकडे याचं कारण केवळ धूळ नाही. उंदीर इन्सुलेशन कुरतडतात आणि उबेला आलेली पाल दोन फेजच्या उघड्या टोकांवर पसरली की पूर्ण लाईन जाते. इनकमरवर पारदर्शक कव्हर बसवायचं कारण हेही आहे.

पॅनल नागपूर-चंद्रपूरकडे जाणार असेल तर उन्हाळ्यात बाहेर ४५ अंश आणि आत त्याहून दहा-पंधरा जास्त धरा. बरेच एसएमपीएस ५० अंशांच्या वर पूर्ण करंट देत नाहीत. फॅन-फिल्टर पुरतो की पॅनल एसी लागतो हे डिझाईनवाल्याला आधी विचारा. कोकणात किंवा गोव्याच्या वेर्ण्याला जाणार असेल तर दमट हवेसाठी थर्मोस्टॅटवरचा हीटर हवा, नाहीतर पावसाळ्यात रात्री बंद राहिलेल्या पॅनलमध्ये सकाळी दव साचतं.

टेस्टिंग

पहिली तपासणी पॉवरशिवाय. सगळे एमसीबी बंद, मल्टीमीटर बीपवर, एक माणूस ड्रॉईंग वाचतो, दुसरा टोकं धरतो. बीप म्हणजे शून्य ओहम नव्हे. बऱ्याच मीटरांचा बीप ३०-५० ओहमपर्यंत वाजतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीतूनही ‘जोड बरोबर’ असा आवाज येतो. संशय आला की ओहमवर टाकून आकडा वाचा, एक टोक सोडवून पुन्हा बघा. फेज ते फेज, फेज ते अर्थ, आणि २४ व्होल्टचा प्लस ते शून्य, हे तिन्ही आकडे कागदावर लिहून ठेवा.

अर्थची सलगता अर्थच्या मुख्य बोल्टपासून दरवाजा, प्लेट, ग्लँड प्लेट आणि मोटरच्या अर्थ टर्मिनलपर्यंत. पॅनलच्या मानकाप्रमाणे १० अँपिअर सोडून ०.१ ओहमच्या आत यायला हवी. साध्या मल्टीमीटरला इतका छोटा आकडा नीट दिसत नाही.

मग मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, ५०० व्होल्ट डीसी, पॉवर सर्किट आणि अर्थमध्ये. किमान १ मेगाओहम हवा, पण कोरडं नवं पॅनल शेकड्यात दाखवतं. दोन-चार मेगाओहम आले तर पास म्हणून सोडू नका, कुठेतरी ओल किंवा दबलेली वायर आहे. मेगरच्या आधी ड्राईव्ह, एसएमपीएस, पीएलसी आणि सर्ज अरेस्टरची टोकं सोडवा आणि २४ व्होल्टचा शून्य-अर्थ जंपर काढा. सोडवलेल्या प्रत्येक टोकाला लाल टेप लावा आणि टेप मोजा, जोडताना तेवढेच परत निघाले पाहिजेत.

पॉवर टप्प्याटप्प्याने द्या. पहिल्यांदा फक्त एसएमपीएसचा एमसीबी, बाकी सगळं बंद. २४ व्होल्ट मोजा, मग एकेक फ्यूज टाका. पीएलसी जागा झाला की प्रत्येक सेन्सरसमोर लोखंडाचा तुकडा धरून ड्रॉईंगमधला इनपुट पेटतो का बघा. मग प्रोग्रॅमरकडून एकेक आऊटपुट बळेच चालू करून घ्या. इमर्जन्सी दाबून सगळं बंद पडतं का बघा, आणि तिची एकच वाट उघडूनही बघा, तेव्हाही बंद पडलं पाहिजे.

चालू पॅनलमध्ये हात घालायची वेळ आली तर आयसोलेटर बंद, कुलूप आणि चावी स्वतःच्या खिशात. मग मल्टीमीटर आधी एखाद्या चालू पॉईंटवर तपासा, आपल्या पॉईंटवर शून्य बघा आणि पुन्हा चालू पॉईंटवर तपासा. मधल्या वेळात मीटरच मेला असेल तर ‘शून्य’ खोटा असतो. ड्राईव्हचे कपॅसिटर बंद केल्यावरही भरलेले असतात, त्याच्या अंगावर लिहिलेली मिनिटं, सहसा पाच ते दहा, थांबा.

४१५ व्होल्ट साईटवर आल्यावर पहिलं काम फेज सिक्वेन्स, म्हणजे तीन फेजचा क्रम. हायड्रॉलिक पंप उलटा फिरला तर तेल ओढत नाही आणि कोरडा चालून थोड्याच वेळात खराब होतो. म्हणून पहिली सुरुवात टिचकीने, चालू करून लगेच बंद, आणि दुसरा माणूस मोटरच्या पंख्याकडे बघत उभा. उलटा असेल तर मोटरच्या दोन फेज अदलाबदल करा. कूलंट पंप आणि पॉवर पॅक दोन्ही उलटे असतील तर इनकमरवरच बदला. स्पिंडल उलटा असेल तर इनकमर बदलून काही होत नाही, कारण ड्राईव्ह आधी डीसी करतो आणि मग स्वतःची फेज बनवतो. तिथे यू-व्ही-डब्ल्यू पैकी दोन बदला किंवा पॅरामीटरमध्ये दिशा बदला.

ओव्हरलोड मोटरच्या नेमप्लेटवरच्या अँपिअरला सेट करा, एचपीवरून अंदाजाने नव्हे. लोडवर क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा करंट मोजून लिहा. एक फेज बाकीच्या दोघींपेक्षा बरीच कमी दिसली तर आधी तिच्या टोकांचे स्क्रू बघा.

टेस्टिंगमध्ये जिथे वायर बदलली, टर्मिनल वाढवलं, इनपुट हलवला, तिथे ड्रॉईंगवर लाल पेनाने खूण करा आणि तारीख घाला. तो लाल खुणांचा संच डिझाईनवाल्याकडे जातो आणि सुधारलेली प्रत दरवाजाच्या आतल्या खिशात. रात्रपाळीचा मेंटेनन्सवाला तीच उघडतो.